फाटकावरचं घरकुल

पवनचक्क्या बघायला जायचं निघालं तेव्हाच मी एर्मिंदाला म्हटलं, अगं, त्यात बघायचंय काय? स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात, बटाट्याच्या शेतातून दिसतात, संडासाचं दार उघडं राहिलं तर तिथूनही दिसतात. अंधार पडला की लाल डोळे मिचकावत बसतात, मेल्या. पण कंपनीने बस पाठवायचं कबूल केलं होतं, वर जेवणही होतं, त्यामुळे अर्धं गाव इस्त्रीचे कपडे घालून तयार. त्यांना टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आणखी खांब उभारायचे होते. त्याआधी आम्हाला गोंजारून घ्यायचं होतं, एवढं न कळायला मी काही दुधखुळी नाही.

"मला जेवण नकोय," एर्मिंदा म्हणाली. "मला फाटकाच्या आत जायचंय."

यावर मी गप्प बसले. आणि मी गप्प बसले म्हणजे गोष्ट साधी नाही, हे आमच्या किनाऱ्यावर कुणीही सांगेल.

एर्मिंदाचा एकुलता एक मुलगा एलादियो त्या पवनचक्क्यांवर कामाला होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातांवर धरून पाद्रीबाबांसमोर मीच उभी होते, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते आणि मी तिला. बहिणीपेक्षा थोडं जास्तच आहे ते नातं, कारण बहिणीशी अबोला धरता येतो. एलादियो गेला त्याला येत्या रविवारी वर्ष होणार होतं. वर्षाची प्रार्थना म्हणजे घरात माणसं, मोठी पातेली, जपमाळ. पण त्याआधी आईने, आई नसेल तर बायकोने, जिथे माणसाचा जीव गेला त्या जागी जायचं, नावाने हाक मारायची आणि त्याच्याशी बोलत बोलत मागे न बघता घरी यायचं. हे केलं नाही तर जीव तिथेच घुटमळत राहतो, उन्हापावसात, घराची वाट न सापडता. माझ्या आईने माझ्या भावासाठी केलं, मी माझ्या नवऱ्यासाठी केलं. जागा मात्र तीच लागते. शेजारची चालत नाही.

एलादियोची जागा तर सगळ्यांना ठाऊक होती. पवनचक्क्यांचं मोठं फाटक आहे ना, त्याच्या बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला. काम सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना तिथल्या चरात घसरला, असं आम्हाला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मान आणि बरगड्या मोडल्यात. सुपरवायझर हळूच म्हणाला, तोंडाला दारूचा वास येत होता, पण आपण ते वाढवायला नको. केवढे उपकार! पुरून तीन दिवस झाले नाहीत तोवर कंपनीच्या माणसांनी त्या जागी घरकुल उभारलंसुद्धा. रस्त्यावर कुणी गेलं की आम्ही मेलेल्याच्या जिवासाठी गुडघ्याएवढं घर बांधतो, ते बांधायचं काम घरच्यांचं असतं. यांनी आमच्या आधीच बांधलं. आमच्या घरांना असतात तसेच लाकडी फळ्यांचे खवले, निळा रंग, पत्र्याचं छप्पर, फोटोला काच. एर्मिंदाने सुपरवायझरचे हात हातात घेतले आणि रडली. मीही रडले, उगाच खोटं कशाला बोलू. आम्ही म्हटलं, परकी माणसं असून आमची रीत पाळली.

तेव्हापासून गाव तिथे मेणबत्त्या लावायचं. आंकुद शहराला जाणारी बस तिथे आली की पुरुष टोप्या काढायचे, सगळे क्रुसाची खूण करायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा.

फक्त एर्मिंदाची मेणबत्ती तिथे टिकत नव्हती. लावली की विझे. काचेच्या आत ठेवली तरी विझे. मी म्हणायचे, अगं बाई, वाऱ्याच्या कारखान्यासमोर मेणबत्ती कशी टिकेल? ती म्हणायची, वारा काय माझ्या घरापाशी नाही? मग एक दिवस म्हणाली, "कोमाद्रे, तो तिथे नाहीये. मी तिथे उभी राहते आणि मला रिकाम्या घराचं दार वाजवल्यासारखं वाटतं."

ती आंकुदच्या सरकारी कचेरीतही जाऊन आली. मी बरोबर होतेच. माझा मुलगा पीत नव्हता, असं तिने तिथल्या साहेबाला सांगितलं. आणि खरंच, सफरचंदाची चिचासुद्धा दोन घोटांवर जायची नाही त्याची, आम्ही चेष्टा करायचो. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, पण अपघाताची जागा तर तुम्हीच मानता ना? तिथे तुमचंच घरकुल आहे, तुमचंच गाव मेणबत्त्या लावतं. मग आम्ही आणखी काय शोधायचं? परतीच्या बसमध्ये त्याच जागी हॉर्न वाजला आणि आम्ही दोघींनी मुकाट्याने क्रुसाची खूण केली.

तर अशा त्या भेटीला आम्ही निघालो. एर्मिंदाने काळा कोट घातला होता आणि खिशात मेणबत्ती घेतली होती. मला वाटलं फाटकाशी उतरल्यावर लावेल. पण बस थांबली, सगळे उतरून घरकुलासमोर खूण करून आले, ती मात्र बसच्या पायरीशीच उभी राहिली आणि नोल्बेर्तोकडे बघत राहिली.

नोल्बेर्तो म्हणजे एलादियोचा दोस्त. दोघे एकाच बाकावर शिकले, एकाच होडीतून समुद्रशेवाळ काढायला गेले, एकाच दिवशी कंपनीत लागले. एर्मिंदाच्या चुलीपाशी वाढलेला पोर. एलादियो गेल्यावर नऊही दिवस तो नोव्हेनाच्या प्रार्थनेला आला, दाराशी बसला आणि पानातलं काही न खाता उठला. माझा बटाट्याचा मिल्काव गिळवत नाही का रे तुला, असं मी त्याला सगळ्यांसमोर टोचलं होतं. तो हसला नव्हता.

आता तो हेल्मेटांची खोकी उतरवत होता. घरकुलाच्या अगदी जवळून चार वेळा गेला-आला. खूण नाही, मान खाली नाही, नजरसुद्धा नाही. दगडाजवळून जावं तसा गेला. मला वाटलं, रोजचं झालं असेल पोराला.

आम्हाला फिरवायला राजधानीतून, सान्तियागोहून आलेली एक मुलगी होती, कोन्स्तान्सा. गोड बोलायची. आमच्या हेल्मेटचे पट्टे तिने स्वतः बांधले, आत असेपर्यंत कुणीही ते काढायचं नाही, असं दोनदा बजावलं. मग बस कच्च्या रस्त्याने आत निघाली. एक लांब वळण, जनावरं अडवायची लोखंडी जाळी, मग चढण. ती सांगत होती की या टेकडीवरच्या विजेवर किती हजार घरं उजळतात. मी विचारलं, मग आमच्याकडे पाऊस भुरभुरला की दिवे का जातात गं बाई? बस हसली. कोन्स्तान्सा म्हणाली, ही वीज आधी बेटावरून मुख्य भूमीवर जाते. हो का, मी म्हटलं, म्हणजे वारा आमचा आणि उजेड त्यांचा. सगळे पुन्हा हसले. एर्मिंदा खिडकीतून रस्ता बघत होती.

तिसऱ्या पवनचक्कीशी उतरवलं. जवळून बघितली तेव्हा मला ती मुळीच आवडली नाही. पाती डोक्यावरून फिरताना असा आवाज येतो की कुणीतरी मोठी चादर फाडतंय, थांबतंय, परत फाडतंय. खांबाच्या पायथ्याशी लोखंडी जिना आणि जाडजूड दार. आतून शिडी वर जाते, लिफ्ट असते पण छोटी, असं काहीबाही कोन्स्तान्सा सांगत होती. नोल्बेर्तो किल्ली घेऊन पुढे झाला.

दारासमोर तो थांबला. त्याने हेल्मेट काढलं, छातीवर क्रुसाची खूण केली, हेल्मेट परत चढवलं आणि किल्ली फिरवली.

किती वेळ लागला असेल? नाकावरची माशी उडवायला लागतो तेवढा. त्याला स्वतःला कळलंसुद्धा नसेल, हात आपोआप गेला असेल. त्याच्या मागचा म्हातारा कामगार, त्याचाही हात हेल्मेटपर्यंत गेला आणि आमच्याकडे बघून खाली आला. कोन्स्तान्साने फक्त एवढंच म्हटलं, नोल्बेर्तो, हेल्मेट काढायचं नाही म्हणून मी आत्ताच सांगितलं ना.

आमच्या गावातल्या तीसेक माणसांनी ते पाहिलं. आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे की माणूस कुठे टोपी काढतो.

एर्मिंदा जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली.

"कुणासाठी काढलंस?" तिने विचारलं.

"सवय आहे, मावशी," नोल्बेर्तो म्हणाला.

"फाटकापाशी सवय नाही?"

किल्ली त्याच्या हातात तशीच होती. कोन्स्तान्सा म्हणाली, आपण आत जाऊया का, उशीर होतोय. मी तिला सांगितलं, पोरी, तू जरा बाजूला हो. गोड आवाजात सांगितलं नाही.

"नऊ दिवस माझ्या दाराशी बसलास," एर्मिंदा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तुला रागावत नाहीये. मला रविवारी त्याला घरी न्यायचंय. मला जागा सांग, एवढंच."

मग तो बोलला. खाली बघून, पात्यांच्या आवाजात, त्यामुळे आम्हाला पुढे सरकून ऐकावं लागलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. एलादियोला शिडीने वर पाठवलं. शिडीला जी दोरी असते, जिच्यात पट्टा अडकवायचा, ती खराब होती, हे आदल्या आठवड्यापासून सगळ्यांना माहीत होतं. तो अर्ध्यातून खाली कोसळला. या दाराच्या आत. सुपरवायझर धावत आला आणि म्हणाला, आवारात काही झालं तर काम बंद पडेल, सगळे घरी बसाल, त्याला बाहेर रस्त्यावर न्या, अँब्युलन्सला तिथेच बोलावतो. दोघांनी उचलून त्याला ट्रकच्या मागच्या हौद्यात ठेवलं. ट्रक नोल्बेर्तोने चालवला. मोटारसायकल चरात आडवी पाडली तीही नोल्बेर्तोनेच. अंगावर दारू सुपरवायझरने ओतली.

"हौद्यात ठेवला तेव्हा?" एर्मिंदाने विचारलं.

"तेव्हा होता, मावशी. डोळे उघडे होते. हलवू नका म्हणत होता."

"आणि फाटकाशी उतरवला तेव्हा?"

"तेव्हा नव्हता."

"मध्ये कुठे?"

"मी पुढे बघत होतो," नोल्बेर्तो म्हणाला. "मागे त्याच्याजवळ कुणी नव्हतं. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही, मावशी. भीती वाटली."

आजवर मी बरीच मरणं पाहिली आहेत. माझा नवरा समुद्राने तीन आठवड्यांनी परत दिला. पण ते हौद्यात एकटं पडलेलं, हलवू नका म्हणणारं पोर डोळ्यांसमोर आलं आणि मला त्या नोल्बेर्तोच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारलीही असती. पण एर्मिंदा जिना उतरून रस्त्याला लागली होती.

ती दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने हाक मारली. एलादियो, चल बाळा. घरी जायचंय. मग वळली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. आमच्या मागे गावातली माणसं, एकेक करून, त्यांच्यात नोल्बेर्तो. सगळ्यांच्या मागे रिकामी बस. कोन्स्तान्सा बसच्या पुढे चालत फोनवर कुणाला तरी काहीतरी समजावत होती.

एर्मिंदा त्याच्याशी बोलत होती. काळ्या गाईला कालवड झाली हे सांगत होती, चुलीचं धुराडं बदललं, तुझे लोकरीचे मोजे कोमाद्रेने पूर्ण केले, कपाटात आहेत. दहा पावलं झाली की थांबायची आणि पुन्हा नाव घेऊन हाक मारायची, कारण जागा माहीत नव्हती. इथे गेला असेल तर इथून ऐकेल, पुढे गेला असेल तर पुढून. सगळा रस्ताच त्याची जागा झाला होता. चढण उतरली, पुन्हा हाक. डबक्यापाशी पुन्हा. मला जपमाळेचे शब्द आठवेनात.

लोखंडी जाळीच्या अलीकडे, जिथून पहिल्यांदा समुद्र दिसतो, तिथे ती थांबली.

"इथे," ती म्हणाली.

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, इथेच कशावरून?

"कशावरूनच नाही," ती म्हणाली. "पण कुठेतरी थांबायला हवं ना, कोमाद्रे. मी असा सगळा रस्ता शोधत बसले तर तो घरी कधी येणार?"

तिने खिशातली मेणबत्ती काढून रस्त्याच्या कडेला मातीत रोवली. कोन्स्तान्सा धावत आली, इथे आग लावायला सक्त मनाई आहे म्हणाली, मग एर्मिंदाचं तोंड बघून तिथेच थबकली. काडी विझली. दुसरी विझली. मी माझा कोट आडवा धरला, तरी विझली. तेव्हा नोल्बेर्तो पुढे आला, त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, वाऱ्याच्या बाजूने आडवं लावलं आणि हेल्मेटचं तोंड मेणबत्तीकडे केलं. मग काडी टिकली. वात पेटली. आम्ही सगळ्यांनी आपापली हेल्मेटं काढली आणि क्रुसाची खूण केली. त्या म्हाताऱ्या कामगारानेही.

नोल्बेर्तोने ते हेल्मेट परत घेतलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते तिथेच होतं आणि आत ज्योत होती. पांढऱ्या गाडीतून कंपनीची माणसं समोरून आली, आमच्याकडे बघत हळूहळू वर गेली. त्यांनी ती विझवलीच असणार. फाटकापाशी एर्मिंदाने निळ्या घरकुलाची काच सरकवली, फोटो काढून कोटात ठेवला आणि घराकडे चालू लागली. मागे बघितलं नाही. कंपनीने जेवणाला केलेल्या एम्पानादा तशाच राहिल्या, हे सांगायला मला फार आवडतं.

रविवारी प्रार्थनेला यावेत तेवढे लोक आले नाहीत. पगारावर पोट असलेल्या घरांतून तर कुणीच फिरकलं नाही, पातेली उरली. नोल्बेर्तो आला. एर्मिंदाने त्याला पान वाढलं आणि त्याने माझा मिल्काव खाल्ला, सगळा, डोळे पुसत. मी स्वयंपाकघरात तिला विचारलं, माफ केलंस का गं त्याला? ती म्हणाली, वाढलंय, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं आंकुदच्या त्याच कचेरीत गेलो. नोल्बेर्तोला तोवर कामावरून काढलं होतं. त्याने जिन्यावर सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं, मोटारसायकलचंसुद्धा. साहेबाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, नोकरी गेलेल्या माणसाच्या बोलण्यावर किती विसंबायचं? आणि बाई, खरं सांगा, तुमच्या गावाने वर्षभर मेणबत्त्या लावल्या त्या फाटकापाशीच ना?

मला त्याच्या टेबलावरचं सगळं खाली ढकलावंसं वाटलं. एर्मिंदाने माझ्या हातावर हात ठेवला.

"हो, साहेब," ती म्हणाली. "फाटकापाशीच लावल्या. म्हणून तर माझ्या विझत होत्या."